गोदाची सावली आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण मला पाहून कोणी म्हणते पानाचा डबा, कोणी म्हणते बाजाची पेटी, आणि एका पाहुण्याने तर माझ्या डोक्यावर गरम चहाचा पेला ठेवला होता. त्याचा गोल डाग अजून आहे. पण वयाने मोठ्या असलेल्यांनी बारीकसारीक गोष्टींचा राग धरू नये म्हणतात, म्हणून मी तो सोडून दिला आहे, म्हणजे बराचसा सोडून दिला आहे.

माझा जन्म राणीच्या राज्यातला, ठाण्याचा. माझ्या आधी माझ्या मालकांकडे एक विलायती कॅमेरा होता. खाडीच्या दमट हवेत तो पहिल्याच पावसाळ्यात फुगला आणि दिवाळीला उकलला. त्याचा डोळा तेवढा धड राहिला. टेंभीवरच्या आनंदा सुताराने त्या डोळ्याभोवती सागवानाची नवी पेटी बांधली, पितळेचे सांधे बसवले, चामड्याचे घडीघडीचे पोट लावले, आणि मी झालो. डोळा साहेबाचा, हाडे ठाण्याची. माझ्या पाठीला एक धुरकट काच आहे. समोरचे सगळे तिच्यावर उमटते, पण उलटे, डोके खाली आणि पाय वर. लोकांना त्याचे हसू येते. मला मात्र जन्मापासून तसेच दिसत आले आहे, त्यामुळे मला तुम्हीच उलटे वाटता.

माझे मालक गोपीनाथराव रस्ते आणि पूल बांधणाऱ्या कचेरीत नकाशे काढत. माणूस सज्जन, पण छंद जगावेगळा. त्या काळी कॅमेरा असलेल्या माणसाला लोक सुखाने बसू देत नसत. कोणाला नवरानवरीची छबी हवी, कोणाला पगडी घातलेल्या आजोबांची. गोपीनाथराव सगळ्यांना हात जोडत आणि सुटीच्या दिवशी मला खांद्यावर मारून चेंदणीच्या बंदरावर जात. तिथे मोरू कोळी होडी घेऊन तयार असे. भरतीच्या पाण्यावर आम्ही मुंब्र्याच्या डोंगराखाली उतरायचो आणि एका अरुंद घळीत शिरायचो.

ती घळ म्हणजे डोंगराला मधोमध पडलेली चीर होती. दोन्ही बाजूंना काळ्या पाषाणाच्या उभ्या भिंती, आणि वर आभाळाची एक चिंधी. दिवस बराच वर आला की एका काठावरून उन्हाचा पट्टा आत घुसायचा आणि समोरच्या भिंतीवर तिरपा पसरायचा. भिंतीचे कंगोरे, पाण्याने पाडलेल्या रेघा, कपारी, सगळ्यांच्या सावल्या लांबायच्या, आखडायच्या, एकमेकींत मिसळायच्या. गोपीनाथरावांना तेवढेच हवे असे. ते माझे तोंड असे धरत की काचेवर आभाळ येऊ नये, झाड येऊ नये, जमीनही येऊ नये. नुसता उजेड आणि नुसती सावली. काळे कापड डोक्यावर घेऊन ते मला बोटभर उजवीकडे सरकवत, मग पुन्हा डावीकडे, आणि तोंडाने पुटपुटत, "हा काळा जरा जड झाला. हा पांढरा कमी पडतो." पाषाणाच्या भिंतीसमोर उभे राहून भाजीचा तराजू तोलावा तसा हा माणूस उजेड तोलतो, असे मोरू म्हणायचा आणि होडीत जाऊन झोपायचा.

आदल्या वर्षी गोपीनाथरावांनी अशी एक भिंत मुंबईच्या प्रदर्शनाला पाठवली होती. ती परत आली. सोबत निरोप होता की भिंत छान आहे, पुढच्या वेळी तिच्यासमोर कोणाला तरी उभे करा. कचेरीतले लोक महिनाभर हसले. गोपीनाथरावही त्यांच्याबरोबर हसले, पण ते माझे पितळ पुसत होते तेव्हा त्यांच्या हाताला किती जोर आला होता, हे मला ठाऊक आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

थंडीचे दिवस होते. घळीत उन्हाचा पट्टा नुकताच उतरला होता. गोपीनाथरावांनी मला नेमके बसवले, चित्र उमटवणारी कोरी काच आत सरकवली आणि माझ्या डोळ्यावरचे झाकण काढणार, इतक्यात त्या पट्ट्याच्या मधोमध एक सावली येऊन उभी राहिली. डोक्यावर काटक्यांची मोळी, एक हात मोळीला, दुसरा कमरेवर. आमच्या मागच्या काठावर एक मुलगी वाकून पाहत होती आणि सूर्य तिच्या पाठीशी होता. मुलगी आम्हाला दिसत नव्हती, सावली तेवढी दिसत होती. ज्या एका गोष्टीसाठी भिंत परत आली होती ती आपल्या पायांनी चालून आली होती.

"हलू नकोस," ते वर न पाहताच ओरडले. "तशीच उभी राहा."

मुलगी थिजून उभी राहिली. गोपीनाथरावांनी झाकण काढले, मनात आकडे मोजले आणि पुन्हा लावले. तेवढ्या वेळात मी आयुष्यातले सर्वांत सुंदर दृश्य गिळले. खोटे का बोलू, मला अभिमान वाटला.

"काका, माजी छबी काडलीस?" वरून आवाज आला. आवाजात भीती होती. "आय मारंल मना. छबी काडली की आवक्ष कमी होतं."

ही गोदा, खालच्या पाड्यावर राहणाऱ्या आणि मिठागरात काम करणाऱ्या काळुरामची लेक, आठ-नऊ वर्षांची. गोपीनाथरावांना तिला भीती घालायची नव्हती. म्हणून ते अगदी मायेने म्हणाले, "नाही गं बाळ. तुझी छबी मी घेतलीच नाही. मी फक्त सावली घेतली."

मित्रांनो, माझ्या मालकांसारखा शहाणा माणूस एवढे एकच वाक्य चुकला.

त्या पाड्याच्या पलीकडे ओढ्यावर एक पूल व्हायचा होता आणि त्याचा पाया काही केल्या धरत नव्हता. दगड टाकावेत आणि चिखलाने ते गिळावेत, असे चालले होते. पाड्यावर म्हातारी माणसे बोलायची की पूर्वी पाया धरत नसला की त्यात माणूस देत. आता राणीचे सरकार माणूस देऊ देत नाही, म्हणून कचेरीचे लोक गुपचूप कोणाची तरी सावली धरून नेतात आणि पायात पुरतात. ज्याची सावली पुरली तो झिजत झिजत जातो आणि पूल उभा राहतो. आता जुळवून पाहा. गोपीनाथराव पुलाच्याच कचेरीतले, महिन्यापूर्वी तिथे साखळी घेऊन मोजमाप करून गेलेले, आणि आता स्वतःच्या तोंडाने सांगतात की मी फक्त सावली घेतली. विषाची परीक्षा कोण पाहील?

ठाण्याला येऊन गोपीनाथरावांनी अंधाऱ्या खोलीत काच धुतली आणि लाल दिव्यापुढे धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. मला त्यांनी शाबासकी दिली. खरोखर माझ्या पाठीवर थाप मारली. "गड्या, ही मुंबईला जाणार," ते म्हणाले. "ही परत येणार नाही."

पुढच्या सुटीला आम्ही पुन्हा घळीकडे निघालो. होडी काठाला लागली तेव्हा किनाऱ्यावर माणसे उभी होती. मिठागराच्या वेळेला मिठागर सोडून माणसे किनाऱ्यावर उभी राहिली की समजावे, काहीतरी बिनसले आहे. मोरूने वल्हे थांबवले आणि हळू आवाजात विचारले, "भाऊ, गेले वेली तुमी पोरीला काय बोल्लात?"

गोपीनाथरावांनी सांगितले. मोरूचा चेहरा पडला. "सावली घेतली बोल्लात? मी तं झोपलू व्हतू. अवो, छबी घेतली बोल्ला असतात तं परवडलं असतं." आणि मग त्याने पुलाची सगळी कथा त्यांना सांगितली. होडी मागे वळवायला तेवढ्यात उशीर झाला होता. दोघेजण गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांनी होडीची कड धरली.

काळुराम पुढे आला. अंगाने काटक, मिठाने पाय चिरलेले, हातात पहार. "पोर दुसरेच दिवशी पडली," तो म्हणाला. "हुडहुडी भरते, मंग आंग तापतं, मंग घाम सुटतो. परत तेच. तू सावली नेलीस ना तिची?"

"काळुराम, हा हिवताप आहे," गोपीनाथराव म्हणाले. "या दिवसांत खाडीकाठी सगळीकडे येतो. मी आजच ठाण्याहून कोयनेल आणतो. ते दिले की उतरेल. पण वेळ घालवू नका, लहान मुलाला तो झेपत नाही."

गर्दीतून गोदाची आई सखुबाई पुढे झाली. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. तिने एकच उत्तर दिले. "आधी सावली. सावलीबिगर आंगात औषद थांबत नाय. फुटके मडक्यात पानी कोन भरतं?"

गोपीनाथराव समजावत राहिले. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. शेवटी काळुरामने मला होडीतून उचलले. "पेटी हितं राईल. पोरीची सावली आन, औषद आन, मंग पेटी ने."

एकाने माझ्यावर दगड उगारला. पाड्यावरचे वयस्क दामाजी लगेच ओरडले, "ए, फोडू नको. सावली आत असली तं ती पन जाईल." म्हणजे पाहा, ज्या भीतीने मला पकडले त्याच भीतीने मला वाचवले. होडी वळली. गोपीनाथराव उभे राहून माझ्याकडे पाहत होते, आणि मोरू ओहोटीच्या आधी ठाणे गाठायचे म्हणून जीव खाऊन वल्हवत होता.

मला काळुरामच्या झोपडीत नेऊन ठेवले. दार लावलेले, झरोक्याला गोणपाट. गोदा कोपऱ्यात वाकळीवर पडली होती. घळीत जिची सावली एवढी ऐटीत उभी होती, ती मुलगी मूठभर झाली होती. तिचे दात एकमेकांवर आपटत होते.

दामाजी दारात येऊन म्हणाले, "सखू, हितं अंधारात कशाला ठेवली? जरा उन्हात ने. सावली हाय का नाय ते तरी कलंल."

"नाय नेत," सखुबाई म्हणाली.

"का गो?"

सखुबाईने गोदाची वाकळ नीट केली. मग म्हणाली, "नसली तं?"

दामाजी निघून गेले. मित्रांनो, मी पुष्कळ चेहरे पाहिले आहेत, पण भीती म्हणजे काय ते मला त्या दोन शब्दांनी कळले. उन्हात नेले असते तर सगळा उलगडा क्षणात झाला असता. पण ज्या आईला उत्तराचेच भय वाटते, तिने दार कसे उघडावे? त्यामुळे मुलगी अंधारात, औषधाविना आणि उन्हाविना पडून होती, आणि ताप कोणासाठी थांबत नव्हता.

दिवेलागणीला सखुबाई माझ्यासमोर येऊन बसली. तिने तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. मग पदर पसरला. "पेटीबाय," ती म्हणाली, "तुजे पोटात असंल तं दे. मी कोनाला नाय सांगनार. तुजा धनी विचारंल तं सांगन, उंदरानं कुरतडली. पन दे."

मी पुरुष जातीचा, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती. आणि माझ्या पोटात काहीच नव्हते. काच ठाण्याला होती. मी तिच्याकडे माझ्या विलायती डोळ्याने पाहत राहिलो, आणि ती मला उलटी दिसत होती, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटले की आपल्याला तोंड असते तर किती बरे झाले असते. मला तिची दया आली आणि मला माझी लाज वाटली. त्या सावलीचा मला केवढा अभिमान झाला होता.

सकाळी भरतीबरोबर होडी आली. गोपीनाथराव उतरले. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. बरोबर एक पिशवी, तीत कापडात गुंडाळलेली काच, एक लाकडी चौकट, काळ्या वेष्टनात काही कागद आणि कोयनेलच्या पुड्या. सगळा पाडा झोपडीपुढच्या अंगणात जमला. मला बाहेर आणून एका उखळीवर ठेवले.

गोपीनाथरावांना वाटले, काच दाखवली की संशय फिटेल. ते म्हणाले, "पाहा, सावली कुठे पुरली नाही, कुठे गेली नाही. जशीच्या तशी इथे आहे." आणि त्यांनी काच सूर्यासमोर धरली.

हाय रे देवा. आम्हा कॅमेऱ्यांच्या काचेचा धर्म तुम्हाला सांगायला हवा. उजेड पडतो तिथे काच काळी होते. सावली असते तिथे काहीच होत नाही, काच नितळ राहते. त्यामुळे भिंतीवरचा उन्हाचा पट्टा काचेवर काळाकुट्ट उमटला होता, आणि त्याच्या मधोमध, मोळी, कमरेवरचा हात, परकराचा घेर, सगळे हुबेहूब, पण रिकामे. आरपार आभाळ दिसत होते.

दामाजींनी वाकून पाहिले आणि मागे सरकले. "पोरीयेवडा भोक हाय," ते म्हणाले. "सावली कापून काडलीय."

मग जो कालवा झाला तो सांगवत नाही. बायका रडू लागल्या. काळुरामने गोपीनाथरावांचे मनगट धरले, इतके घट्ट की काच थरथरली. कोणी म्हणाले, याला पुलाच्या पायाशी न्या, जिथे पुरली तिथून उकरून देईल. मोरू मध्ये पडला तर त्याला दोघांनी बाजूला लोटले. आतून गोदाच्या कण्हण्याचा आवाज येत होता आणि पुड्या पिशवीतच होत्या.

गोपीनाथराव ओरडले नाहीत. त्यांनी पिशवीकडे बोट दाखवले आणि काळुरामला म्हणाले, "तू मीठ पिकवतोस ना? कोंडीत खाडीचे पाणी घेतलेस की त्यात मीठ दिसते का?"

काळुरामला प्रश्न कळेना. "नाय दिसत," तो म्हणाला.

"म्हणून त्यात मीठ नाही, असे म्हणशील?"

"ऊन लागल्याबिगर कसं दिसंल?"

"मग मलाही ऊन लागू दे. या कागदाला मीठ आणि चांदी लावलेली आहे. काच त्यावर ठेवतो आणि उन्हात ठेवतो. सावली पिकायला वेळ लागेल. नाही पिकली तर मला कुठे न्यायचे तिथे न्या."

मित्रांनो, दुसऱ्या कुठल्या गावात हे बोलणे वाया गेले असते. पण ही मिठागराची माणसे. पाण्याकडे पाहत थांबणे हाच त्यांचा धंदा. उन्हाने वर आणल्याशिवाय काही दिसत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. काळुरामने मनगट सोडले. दामाजी म्हणाले, "मीठ हाय म्हनतो तं बगू. मिठाचे नावानं कोन खोटं बोलत नाय."

गोपीनाथरावांनी घोंगडीच्या आडोशाला कागद चौकटीत घातला, वर काच बसवली आणि चौकट अंगणाच्या मधोमध उन्हात ठेवली. कोणी बसेना, कोणी हलेना. सखुबाई चौकटीपाशी उकिडवी बसली. मी उखळीवरून पाहत होतो. एकदा उन्हावर ढगाची एक बारीक चिंधी आली तेव्हा सगळ्यांची तोंडे एकदम वर झाली. ती गेली तेव्हा काळुराम पुन्हा चौकटीकडे पाहू लागला. गोपीनाथरावांच्या कपाळावरून घाम वाहत होता, पण ते पुसत नव्हते.

मग त्यांनी चौकट आपल्या अंगाच्या आडोशाला धरली, मागची अर्धी फळी उघडली आणि कागदाची कड किंचित उचलून सखुबाईला दाखवली. कागदावर जांभळट, विटकरी रंगाची काहीतरी खूण आली होती. फळी पुन्हा लावली. पुन्हा ऊन. दुसऱ्यांदा उघडली तेव्हा मोळी दिसली. तिसऱ्यांदा उघडली आणि काचेतले ते भोक कागदावर भरून आले होते. गडद, सबंध, कमरेवर हात ठेवून उभे.

सखुबाईने ओळखायला वेळ लावला नाही. "गोदा," ती म्हणाली. नुसते तेवढेच.

मग ती उठली आणि कोणाला न विचारता झोपडीत गेली. दार तिने सताड उघडे टाकले. बाहेर आली ती लेकीला उचलून. अंगणात कोणी पापणी हलवत नव्हते. उन्हात पाऊल टाकण्याआधी ती एकदा थांबली. मला वाटले परत फिरते. पण तिने गोदाला बगलांत धरले, खाली उतरवले आणि तिचे पाय जमिनीला टेकवले.

जमिनीवर सावली पडली. लटपटणारी, केस विस्कटलेली, गोदाच्या पायांना चिकटलेली.

"हाय," सखुबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली. लेकीला छातीशी धरून ती एवढी रडली की काळुरामने तोंड फिरवले. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. "दे ते औषद."

गोदाने कडू कोयनेल घेतले आणि इतके वाकडे तोंड केले की दोन-चार बायका हसल्या. इथे गोष्ट संपली असती तर माझ्याइतका सुखी कॅमेरा ठाण्यात दुसरा नसता.

गोपीनाथराव काच कापडात गुंडाळू लागले, तेव्हा सखुबाईने हात आडवा घातला. "ती काच फोड."

"बाई, सावली तर तुम्हाला मिळाली."

"काच राहिली तं परत नेशील. ज्यानं घेतली त्यानंच सोडायची असते. दुसऱ्यानं फोडून चालत नाय."

मोरू त्यांच्या कानाशी लागला. "भाऊ, पोरीनं औषद घेतलंय. पानी उतरत चाललंय. उचला आनी चला, आता कोन नाय आडवनार." खरेच होते ते. काळुरामने पहार बाजूला ठेवली होती, लोक पांगू लागले होते. गोपीनाथराव सहज निघून जाऊ शकत होते. मी मनातल्या मनात म्हणत होतो, चला, चला, चला. मुंबईला जायची ती काच होती. माझ्या डोळ्याने घेतलेले तसे दृश्य पुन्हा येणार नव्हते.

गोपीनाथराव काच हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी ती एकदा आभाळाकडे धरून पाहिली. मग सखुबाईकडे पाहिले. ती ओरडत नव्हती, धमकी देत नव्हती. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत नुसती वाट पाहत होती, आणि जोवर ती काच होती तोवर ती त्या लेकीला पुन्हा उन्हात खेळायला सोडणार नव्हती.

गोपीनाथराव उखळीपाशी आले, माझ्या शेजारी, आणि त्यांनी काच तिच्या दगडी कडेवर आपटली. दोनदा आपटावी लागली. मला दुःख झाले नाही, राग आला. भयंकर राग आला. परतीच्या वाटेवर मी त्यांच्या खांद्याला मुद्दाम टोचत होतो.

कागद सखुबाईने ठेवून घेतला. तो अजून कच्चा होता. पक्का करायला औषधात बुडवावा लागतो, आणि ती म्हणाली, सावलीला कोणी बुडवतं काय. गोपीनाथरावांनी तिला बजावले की याला उन्हात काढू नका, काळा पडेल. "मना बगायची नाय," ती म्हणाली. "ठेवायची हाय." आणि तिने तो तांदळाच्या कणगीत खोल पुरला. त्या वर्षी मुंबईला काहीच गेले नाही. कचेरीतले लोक पुन्हा हसले असतील. या वेळी मालकांचा हात माझ्या पितळेवर हलकाच फिरत होता, आणि त्याचेही कारण मला तेव्हा कळले नाही.

पुढे होळीच्या सुमारास आम्ही पुन्हा घळीत होतो. उन्हाचा पट्टा भिंतीवर होता, गोपीनाथराव कापडाखाली होते, आणि काठावरून ओळखीचा आवाज आला.

"काका, तो कागद खलास झाला."

गोदा होती. गाल भरले होते, आवाज खणखणीत झाला होता. तिने सगळी हकिकत वरूनच ऐकवली. आई मिठागरावर गेली असता तिने कणगीत हात घालून कागद काढला आणि भर दुपारी अंगणात नेऊन पाहिला. पाहता पाहता भिंत काळी झाली, ऊन काळे झाले, आणि सावली पसरून सगळा कागद खाऊन गेली. आई आल्यावर आधी रडली. मग तिने गोदाला उन्हात उभे करून पायांकडे पाहिले, आणि काळा कागद चुलीत टाकला.

"घाबरलीस का?" गोपीनाथरावांनी विचारले.

"कशाला घाबरू? माजी तं माजेजवलच व्हती." आणि ती काठावर पुढे आली. भिंतीवरच्या पट्ट्यात पुन्हा ती सावली उभी राहिली. या वेळी मोळी नव्हती, दोन्ही हात कमरेवर होते. मित्रांनो, काय सांगू, ती पहिल्यापेक्षाही सुंदर होती. माझ्या आत कोरी काच होती. झाकण काढायचे तेवढे बाकी होते. आणि गोपीनाथरावांचे बोट झाकणावर होते.

त्यांनी हात मागे घेतला आणि वर पाहत ते म्हणाले, "गोदा, तुझी सावली या चित्रात घेऊ का?"

गोदाने विचार केला. "नाय," ती म्हणाली.

"बरं," गोपीनाथराव म्हणाले. का नाही, ते त्यांनी विचारले नाही. गोदा दोन पावले मागे सरली. सावली भिंतीवरून उतरून गेली. मग ती काठावर पालथी पडून, हनुवटी हातांवर टेकून, आम्ही काय करतो ते पाहत राहिली. आम्ही नुसत्या भिंतीचे चित्र घेतले. माझा राग त्या दिवशी गेला.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षे काम केले. एकदा आमची एक भिंत मुंबईला टांगली गेली, जिन्याखालच्या कोपऱ्यात, पण टांगली गेली. गोपीनाथराव थकले, मग गेले. नवे कॅमेरे आले, हातात मावणारे, काच न लागणारे. मी फडताळावर चढलो आणि माझ्या चामड्याला कसर लागली. याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याचा त्याचा काळ असतो.

आता तुमच्या घराघरांत माझी पतवंडे आहेत. ती डोळ्याचे पाते लवायच्या आत चित्र घेतात, आणि समोरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कोणाचे चित्र घ्याल, मग तो झोपलेला भाऊ असो, रडणारी मैत्रीण असो की बाजारात बसलेली अनोळखी आजी असो, तर आधी त्या माणसाला विचारा. आणि उत्तर 'नाही' आले, तर कितीही सुंदर दिसत असले तरी 'बरं' म्हणा आणि झाकण लावा.